सरासरीच्या जागी कोणीच नव्हतं

माझ्याकडे लोक यायचे ते निकाल आधीच मनात ठरवून. दार ढकलायचे, फ्लॉपी टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "रिव्का, एक टेस्ट तेवढी लावून दे. पाच मिनिटांचं काम आहे." इस्रायलच्या दक्षिणेकडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्राची सल्लागार म्हणून माझी सगळी नोकरी झाली. पाच मिनिटांचं काम मात्र माझ्याकडे कधीच आलं नाही.

मी जन्माने मुंबईकर. आईवडील कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आम्ही इथे आलो तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते. हिब्रू धड येत नव्हती, म्हणून गणित घेतलं. आकड्यांना भाषा लागत नाही, असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं.

काम काय करायचे ते थोडक्यात सांगते, कारण माझ्या नातेवाइकांनाही ते कधी कळलं नाही. समजा, दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला. तो खरा फरक की योगायोग, हे ठरवायला चाचण्या असतात. चाचणी म्हणजे वाण्याची तागडी समजा. तागडी कितीही चांगली असली तरी ती सरळ टांगलेली हवी, पारडी सारखी हवीत, आणि कोणी बोट लावता कामा नये. चाचणीच्याही अशा अटी असतात, त्यांना गृहीतकं म्हणतात. दोन्ही गटांचा पसारा साधारण सारखा असावा. माणसं सरासरीभोवती दाटलेली असावीत, दोन्ही टोकांना विरळ होत जावीत, म्हणजे आलेख काढला तर एक टेकडी दिसावी. आणि तिसरी अट, सगळ्यांत महत्त्वाची: प्रत्येकाचं उत्तर त्याचं स्वतःचं असावं. एकाच्या उत्तराला दुसऱ्याच्या उत्तराचा धागा जोडलेला नसावा. याला आम्ही स्वातंत्र्याची अट म्हणतो.

एकदा किब्बुत्झमधला, म्हणजे सामुदायिक शेतीवरचा, एक गवळी आला होता. गुडघ्यापर्यंत बूट, अंगाला गोठ्याचा वास. नव्या चाऱ्याने दूध वाढतं हे त्याला सिद्ध करायचं होतं आणि त्याच्याकडे आकडे ढीगभर होते. मी विचारलं, "एवढ्या गाई आहेत तुझ्याकडे?" तो हसला. "गाई कुठल्या एवढ्या! त्याच गाई रोज दूध देतात." मी म्हटलं, मग तुझे आकडे पुष्कळ आहेत, साक्षीदार थोडेच आहेत. तो म्हणाला, "म्हणजे एकाच गाईला मी रोज वेगळी गाय समजत होतो." प्राध्यापकांना हे समजवायला मला कितीतरी जास्त वेळ लागायचा.

लोक गृहीतकं तपासण्याला कंटाळतात. लग्न ठरल्यावर पत्रिका बघणाऱ्यासारखी माझी गत असे. काही निघालं तर माझ्यावरच राग. पण एका अभ्यासाने मला असं काही दाखवलं की त्यानंतर मी तो टेकडीचा आलेख कधीच घाईत बघितला नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मानसशास्त्र विभागात नोआ नावाची तरुण प्राध्यापिका होती. हुशार, भरभर बोलणारी, अजून नोकरीत कायम न झालेली. पहिल्या वर्षाची मुलं कॉलेजात कितपत रुळतात यावर ती अभ्यास करत होती. अभ्यास झेपतो का, मित्र आहेत का, मन लागतं का, हे कॉलेज आपलं वाटतं का, अशी प्रश्नावली होती आणि सगळ्याचा मिळून एक गुण निघत असे. तिला मुख्य तुलना करायची होती ती इथिओपियाहून आलेल्या ज्यू घरांतली मुलं, त्यांत जवळजवळ सगळ्या मुलीच, आणि बाकीची मुलं यांची.

"सरासरी जवळजवळ सारखी आलीय," ती आनंदाने म्हणाली. "फरक नाही. किती छान बातमी आहे बघ! परिषदेसाठी सारांश पाठवूनसुद्धा दिला मी. तू फक्त गृहीतकं तपासली असं लिहून दे."

(हिब्रूत तू आणि तुम्ही असा भेद नाही. शिपाई आणि कुलगुरू दोघेही एकमेकांना तूच म्हणतात. मला ते अंगवळणी पडायला वर्षं लागली.)

छान बातमीची वाट बघणारा आणखी एक जण होता, कॉलेजचा प्रशासक गिदोन. लष्करातून निवृत्त झालेला, जाडजूड, कमी बोलणारा. किर्यात मलाखी या गावाहून येणाऱ्या इथिओपियन मुलींसाठी कॉलेज एक बस चालवत असे. बऱ्याच मुली नर्सिंगच्या होत्या. गिदोनचं म्हणणं, ही बस बंद करावी, सगळ्यांना वसतिगृहात आणावं आणि दर खोलीत एकीला ठेवावं. "घरी गेल्या की त्या पुन्हा आपल्यातच राहतात. मिसळल्याशिवाय रुळणार कशा?" त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्याला मनापासून तसं वाटत होतं. काही मुली आधीच वसतिगृहात राहायला आल्या होत्या. 'फरक नाही' असं नोआने लिहिलं की वेगळ्या बसची गरजच उरली नाही असं म्हणून ती बंद करायला त्याला कोणी अडवणार नव्हतं.

मी नोआला शेजारी बसवून आलेख काढला. बाकीच्या मुलांचा आलेख पुस्तकातल्यासारखा आला, एक गुबगुबीत टेकडी. मग इथिओपियन मुलांचा काढला. त्या वेळचे संगणक पडद्यावर चित्र हळूहळू, डावीकडून उजवीकडे उभं करत. आधी डावीकडे खाली एक टेकडी उठली. मग जमीन सपाट झाली. मग उजवीकडे, वरच्या गुणांत, दुसरी टेकडी उठली.

नोआ म्हणाली, "काहीतरी चुकलंय. पुन्हा काढ."

पुन्हा काढला. आकडे तपासले. चूक नव्हती. मी सरासरीच्या जागी बोट ठेवलं. दोन टेकड्यांच्या मधोमध, रिकाम्या दरीत. "ही तुझी सरासरी. इथे कोण उभं आहे सांग."

तिने बघितलं. "कोणीच नाही," ती हळूच म्हणाली.

इतकी वर्षं मी आलेख बघत आले होते, पण त्या दिवशी कोणीतरी पडदा बाजूला करून मला आत बघायला लावल्यासारखं वाटलं. ज्या मुलींविषयी आम्ही 'बऱ्यापैकी रुळल्या आहेत' असं लिहिणार होतो, त्यांतली एकही बऱ्यापैकी रुळलेली नव्हती. अर्ध्या उत्तम होत्या, बाकीच्या हाल काढत होत्या. आमच्या सरासरीने दोन्ही गटांचा चेहरा पुसून टाकला होता.

आता या दोन टेकड्यांवर कोण कोण, ते शोधायचं. वय लावून बघितलं, जमलं नाही. देशात येऊन किती वर्षं झाली ते लावलं, नाही. शाळेतले गुण लावले, नाही. नोआ म्हणाली, "राहतात कुठे ते बघू. वसतिगृहातल्या वर असणार, बसवाल्या खाली."

राहण्याच्या जागेप्रमाणे एकेका मुलीच्या ठिपक्याला रंग दिला. टेकड्या अगदी स्वच्छ वेगळ्या झाल्या, फक्त नोआ म्हणाली त्याच्या बरोबर उलट. रोज बसने येऊन-जाऊन दमणाऱ्या मुली वर होत्या. वसतिगृहातल्या खाली होत्या.

आणि आणखी एक गोष्ट दिसली. बसमधल्या मुलींची उत्तरं एकमेकींशी फार जुळत होती. नोआने प्रश्नावल्या आपल्या डोळ्यांदेखत, वेगवेगळ्या बसवून भरून घेतल्या होत्या, त्यामुळे नक्कल शक्य नव्हती. तरी धागा होता. माझ्या तागडीला कोणाचं तरी बोट लागलेलं होतं, आणि ते कोणाचं हे मला कागदावरून कळेना.

माझी आई किर्यात मलाखीतच राहायची. मी म्हटलं, आईकडे जायचंच आहे, या वेळी त्याच बसने जाऊ.

संध्याकाळची बस. पुढच्या बाकांवर मोजके लोक, मागचा भाग मुलींनी भरलेला. मी मधे बसले. बस सुटल्यावर दोन मिनिटं गडबड होती, डबे उघडले, कोणीतरी आंबोळीसारखी मऊ, जाळीदार पोळी फिरवली, मलाही तुकडा दिला. मग एक बाई उठून दांड्याला धरून उभी राहिली. तिशीच्या पुढची, डोक्याला पांढरा रुमाल. तिचं नाव येशी. दोन मुलांची आई, इस्रायलचं विमान गाठायला लहानपणी इथिओपियाहून सुदानपर्यंत पायी चाललेली, हे मला नंतर कळलं. ती इतरांसारखीच पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती.

तिने आपल्या गळ्याखालच्या हाडाला हात लावला. मागच्या सगळ्या मुलींनी आपापल्या हाडाला हात लावला. एकीने हिब्रू नाव सांगितलं. दुसरीने त्याचा अर्थ अम्हारिकमध्ये, त्यांच्या भाषेत, समजावला. तिसरीने वर्गात काय सांगितलं होतं ते सांगितलं, चौथीने तिला दुरुस्त केलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ते हिब्रूत म्हटलं. मग हात खांद्यावर गेला. मग कोपरावर. बाहेर संत्र्याच्या बागा मागे पळत होत्या आणि आत एक अख्खी बस आपल्या अंगातली हाडं शोधत होती. ड्रायव्हरला बहुधा सवय झाली असावी. सिग्नलला थांबला तेव्हा त्यानेही स्वतःची बरगडी चाचपली.

मी थक्क होऊन बघत राहिले. एकीकडून जे वर्गात निसटलं ते दुसरीने पकडलेलं असे. कोणाला रडू आलं तर शेजारीण तिचं डोकं खांद्यावर घेई आणि पाठांतर चालू ठेवी. ज्या गोष्टीला आमच्या शास्त्रात दोष म्हणतात, एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटलेलं असणं, तीच या मुलींना तारत होती. मी जन्मभर जो धागा आकड्यांतून उपटून काढायला शिकले, तो इथे डोळ्यांसमोर विणला जात होता.

मी येशीशेजारी जाऊन बसले. प्रश्नावलीविषयी विचारलं.

"एका प्रश्नाला मी अडले होते," ती म्हणाली. "'मी माझ्या अडचणी स्वतः सोडवू शकते' असा होता."

"मग काय लिहिलंस?"

"हो लिहिलं. पण मला विचारायचं होतं, स्वतः म्हणजे कोण? मी एकटी? एकटीने मी आजवर काहीच सोडवलेलं नाही." ती हसली. "सुदानपर्यंतसुद्धा माझे पाय माझेच होते, पण चालायला लावणारे दुसरे होते."

आईकडे पोहोचले तेव्हा तिने बांगड्याचं कालवण केलेलं. मी तिला सगळं सांगितलं. टेकड्या-दऱ्या तिला कळल्या नाहीत, पण वसतिगृहाचं कळलं.

"काय गो रिबका, त्या पोरींना एकेकीला निराळं ठेवायचं?" ती म्हणाली. रिव्का मी हिब्रूत झाले, आईला मी रिबकाच. "आपल्याला नाय का इथे आल्यावर तुझ्या काकांपास्नं तोडून लांब घर दिलं. सरकारी बाई यायची, विचारायची, सगळं ठीक? मी म्हणायची, बेसेदेर, बेसेदेर. तेवढा एकच शब्द येत होता मला. ती ठीक लिहून जायची."

आई 'बेसेदेर' म्हणाली, म्हणजे ठीक, तेव्हा तिचे हात थांबले होते. त्या घरातले ते महिने मला आठवतात. ती तेव्हा ठीक नव्हती.

इकडे नोआ वसतिगृहातल्या मुलींना भेटत होती. एक मुलगी, अल्माझ, मधेच कॉलेज सोडून गेली होती. नोआने तिला शोधून काढलं. फळं पॅक करण्याच्या कामावर होती. नोआने मला तिचं बोलणं सांगितलं ते असं: "खोलीतल्या मुली चांगल्या होत्या. कोणी वाईट वागलं नाही. फक्त दिवस संपायचा तरी मला कोणी नावाने हाक मारलेली नसायची."

नोआ हे सांगताना रडली. मग डोळे पुसून तिने परिषदेला फोन केला आणि आपला सारांश मागे घेतला. तिच्या नोकरीचा निर्णय त्याच वर्षी व्हायचा होता आणि दाखवायला तेवढा एकच निबंध होता. मी म्हटलं, थोडं थांब, सुधारून पाठव. ती म्हणाली, "त्यात 'फरक नाही' असं वाक्य आहे. ते वाक्य एक दिवसही माझ्या नावावर राहायला नको."

आम्ही गिदोनसमोर बसलो. त्याने आलेख जवळ ओढून बघितला.

"म्हणजे बस चांगली, वसतिगृह वाईट. हे सिद्ध झालं?"

नोआने माझ्याकडे बघितलं. हो म्हणायचा मोह मला झाला होता हे कबूल करते. पण तागडी वाकडी आहे असं एकदा सांगितल्यावर तिच्यावरच आपल्याला हवं ते वजन करून घेता येत नाही.

"नाही," मी म्हणाले. "कदाचित बसने येणाऱ्या मुली मुळातच वेगळ्या असतील. त्यांची उत्तरं एकमेकींत गुंतलेली आहेत, म्हणून मला त्यांना सुट्या साक्षीदार धरता येत नाही. मी एवढंच सांगू शकते की 'फरक नाही' हे खोटं आहे. त्या वाक्याच्या आधारावर बस बंद करू नकोस."

"मग मी कशाच्या आधारावर ठरवू?"

"बसमध्ये बसून बघ."

त्याने आलेख माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या आठवड्यात येशीने मला जिन्यात गाठलं. "तुझा तो जाडा माणूस बसमध्ये आला होता."

"मग?"

"उगाच बसून राहिला होता. आम्ही म्हटलं, तू हिब्रू चांगली वाचतोस, तू वाच, आम्ही ऐकतो. मलाखीपर्यंत वाचलं बिचाऱ्याने. घसा बसला त्याचा. परतीच्या गाडीपर्यंत पोचवायला आम्ही सगळ्या गेलो."

बस चालू राहिली. पुढच्या वर्षी वसतिगृहाचा नियमही बदलला, मुलींना हवी ती जोडीदारीण मागता येऊ लागली, आणि तळमजल्यावरची एक खोली संध्याकाळच्या अभ्यासासाठी उघडली गेली. तिथे नंतर रशियाहून आलेली मुलं येऊन बसू लागली, वाळवंटातल्या बेदुइन अरब मुली येऊ लागल्या. नोआला त्या वर्षी कायम केलं नाही. तिने दोन वर्षं आणखी वाट बघितली, तोच अभ्यास नव्याने केला, या वेळी एकेका मुलीऐवजी मुलींच्या गटांनाच एकक धरून, आणि मग तिचं झालं. अल्माझला आम्ही दोनदा निरोप पाठवला, दुसऱ्यांदा येशी स्वतः जाऊन आली. अल्माझ चहा पाजून, हसून बोलली, पण परत आली नाही. आमचा आलेख तिच्यासाठी उशिरा निघाला, याची हळहळ मला अजून आहे.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. फ्लॉप्या गेल्या, संगणक झटक्यात चित्र काढू लागले, गृहीतकं तपासायला एक बटण आलं. मुलं बटण दाबतात, 'अट मोडली' असं पडद्यावर येतं, आणि ती माझ्याकडे चिडून येतात, आता ही अडचण कशी घालवायची म्हणून. मी त्यांना आधी खुर्चीत बसवते. अट कोणी मोडली, ते आधी जाऊन बघा म्हणते.

येशीच्या तुकडीचा पदवीदान समारंभ कॉलेजच्या हिरवळीवर झाला. उन्हाळ्याची संध्याकाळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे घरची मंडळी, पांढऱ्या शाली घेतलेल्या म्हाताऱ्या बाया, कडेवर पोरं. मी आणि नोआ एका कडेला उभ्या होतो. निवेदिका एकेक नाव वाचत होती. मुलं उठत, मंचावर जात, टाळ्या, पुढचं नाव.

येशीचं नाव आलं आणि बसमधल्या मुलींची अख्खी रांग उभी राहिली.

निवेदिका गोंधळली. माइकवर म्हणाली, "एकेक, एकेक. फक्त जिचं नाव घेतलं ती."

कोणी बसलं नाही. येशी मंचावर गेली, कागद घेतला, परत आली, आपल्या जागी बसली. तेव्हा त्या सगळ्या बसल्या. मग पुढचं नाव पुकारलं गेलं आणि येशीसकट सगळी रांग पुन्हा उठली.